बिल हिक्सची पुण्यतिथी घरी कशी करायची (हार न घालता)

आधी तारखेचं मिटवू, कारण आमच्या ग्रुपवर दरवर्षी पहिलं भांडण त्यावरूनच होतं. बिल हिक्स हा अमेरिकन स्टँड-अप कॉमेडियन गेला २६ फेब्रुवारी १९९४ ला, रात्री ११ वाजून २० मिनिटांनी, अमेरिकेत लिटल रॉक नावाच्या शहरात, आईवडलांच्या घरी. आता तिथले रात्रीचे ११.२० म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०.५०, म्हणजे २७ फेब्रुवारी, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, आणि त्या दिवशी सगळ्यांचे फोन कुसुमाग्रजांच्या फोटोंनी इतके गच्च झालेले असतात की टेक्सासच्या शिवराळ माणसाला कुठं घुसवणार. म्हणून २६ ची संध्याकाळ धरा. सातला सुरू, साडेदहाला बंद. वर्किंग डे आला तर जवळचा शनिवार. तिथी कुणी बघत नाहीये.

माणसं किती, तर सहा ते आठ. त्यापेक्षा जास्त झाली की मागं बसलेले फोन काढतात, आणि तीन-चारच असली की कुणी मोकळं हसत नाही, प्रत्येक जण दुसऱ्याचं तोंड बघतो. बोलावतानाच सांगून टाकायचं की शिव्या आहेत, देवाधर्मावर आहे, राजकारण आहे, आणि ज्याला चालणार नाही त्यानं येऊ नये, मनात धरणार नाही. हे सांगायला लाजायचं नाही. मागाहून सोफ्यावर अवघडून बसलेला पाहुणा बघणं जास्त वाईट असतं.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगते, ते करू नका. मी त्याचा फोटो प्रिंट काढून आणला, फ्रेममध्ये घातला, टीव्हीशेजारी ठेवला आणि का कुणास ठाऊक पण समोर उदबत्ती लावली. सवय हो, दुसरं काय. तेवढ्यात समोरच्या काकू विरजण मागायला आल्या. फोटो बघून त्यांनी हात जोडले आणि हळू आवाजात विचारलं, कोण गं? म्हटलं, कॉमेडियन होता काकू, अमेरिकेतला. अगंबाई, किती लहान दिसतोय, काय झालं? म्हटलं, स्वादुपिंडाचा कॅन्सर, बत्तीस वर्षांचा होता. काकू खुर्ची ओढून बसल्याच. सगळे गप्प. आणि आमच्यातल्या एका शहाण्यानं नेमकं तेव्हा प्ले दाबलं. उदबत्तीच्या धुरात फ्रेममधला तोच माणूस टीव्हीवर सिगरेट ओढत प्रेसिडेंटच्या नावानं जे काही बोलायला लागला ते मी इथं लिहू शकत नाही. कुणाला हसू येईना. आठ माणसं सुतकात बसल्यासारखी. काकूंनी चारेक मिनिटं ऐकलं, विरजणाची वाटी उचलली आणि जाता जाता विचारलं, "हा चिडलाय कुणावर गं एवढा?"

मी नंतर त्याच्यावरचं बरंच काही वाचलंय, पण यापेक्षा चांगला प्रश्न अजून कुणी विचारलेला माझ्या बघण्यात नाही. खरं म्हणजे सगळी संध्याकाळ या एका प्रश्नावर बेतायची. हा कशानं गेला ते दोन मिनिटांत सांगून होतं. हा कुणावर चिडला होता आणि त्या चिडण्याचा जोक कसा बनवत होता, हे बघायला तीन तास लागतात.

तर फोटो नको, दिवा नको, फुलं नकोत. आणि आधीच्या दिवशी ग्रुपवर किंवा फेसबुकवर काही टाकायचं असेल तर "सर्वांना हसवणारा सर्वांना रडवून गेला" हे वाक्य तर अजिबातच नको. हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक विनोदी नटाला, वक्त्याला, गल्लीतल्या मिमिक्रीवाल्याला लावून झालंय, त्यात माणूस दिसतच नाही, नाव बदललं की पुढच्याला चालतं. तीन ओळी लिहा फक्त. पहिल्यांदा कुठं ऐकलं, काय ऐकलं आणि तेव्हा तुमचं काय झालं. माझ्या तीन ओळी अशा होत्या: "होस्टेलला रूममेटच्या हार्डडिस्कवर नाव नसलेली एक ऑडिओ फाइल होती. त्यात एक माणूस अख्ख्या युद्धाची चड्डी उतरवत होता. मेसचा घास तोंडात तसाच धरून मी बसले होते." बस. यात श्रद्धांजली हा शब्द नाही, पण चार जणांनी लगेच मेसेज करून लिंक मागितली, श्रद्धांजलीला कुणी लिंक मागत नाही.

आता माहिती. आलेल्यांपैकी निम्म्यांना बिल हिक्स कोण ते माहीत नसणार, हे धरूनच चाला. विकिपीडिया मोठ्यानं वाचून दाखवू नका, प्लीज. आम्ही चिठ्ठ्या करतो. प्रत्येक चिठ्ठीवर त्याचं वय आणि एक गोष्ट, आणि ज्याच्या हातात चिठ्ठी येईल त्यानं आधी त्या वयात आपण काय करत होतो ते सांगायचं आणि मग त्याचं वाचायचं. आमच्या चिठ्ठ्या साधारण अशा आहेत. सात: जन्म जॉर्जियातल्या व्हॅल्डोस्टाचा, १६ डिसेंबर १९६१, पण सात वर्षांचा असताना घर टेक्सासला ह्यूस्टनला आलं, घरचे चर्चला जाणारे बॅप्टिस्ट. सोळा: ह्यूस्टनमध्ये १९७८ ला कॉमेडी वर्कशॉप नावाचा क्लब सुरू झाला आणि हा शाळकरी पोरगा घरच्यांना चुकवून तिथं स्टेजवर जायला लागला. सव्वीस: दारू आणि ड्रग्ज दोन्ही भरपूर करून झाल्यावर १९८८ च्या सुमाराला सोडली, सिगरेट नाही सोडली. एकोणतीस: कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा जस्ट फॉर लाफ्स हा कॉमेडी फेस्टिव्हल. तीस: लंडनचं डोमिनियन थिएटर. एकतीस: जून १९९३, निदान, कॅन्सर तोवर लिव्हरपर्यंत गेलेला. बत्तीसची चिठ्ठी कोरी ठेवतो.

हे ऐकायला खेळ वाटतं पण "फार लवकर गेला" हे असंच कळतं. मागच्या वेळी सोळाची चिठ्ठी एका सीएला आली, तो म्हणाला सोळाव्या वर्षी मी अकरावीच्या क्लासला मागच्या बाकावर बसून सरांची नक्कल करायचो, आणि मग त्यानं पुढचं वाचलं आणि एकदम गप्पच झाला. हिशोब करा ना, सोळाव्या वर्षी सुरुवात आणि बत्तिसाव्याला शेवट, अर्धं आयुष्य हातात माइक. आणि त्याच ह्यूस्टनच्या कॉमेडियनांच्या टोळीतला त्याच्यापेक्षा मोठा सॅम किनिसन, ज्याच्याकडून हा आरडाओरडा करायला शिकला असं म्हणतात, तो १९९२ मध्ये कार अपघातात अडतिसाव्या वर्षी गेला. त्या टोळीची पत्रिकाच तशी.

सिगरेटचा विषय कुणीतरी काढणारच. स्टेजवर सतत ओढायचा, न ओढणाऱ्यांची टिंगल करायचा, आणि मग कॅन्सरनंच गेला, म्हणजे बघा. याला माझं उत्तर ठरलेलं आहे: हो, सिगरेटनं स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, डॉक्टर पण हेच सांगतील, आता पुढं. पिक्चरच्या आधी तंबाखूविरोधी जाहिरात लागते तशी ती संध्याकाळभर चालू द्यायची नाही.

आता मुख्य काम, काय लावायचं आणि कुठल्या क्रमानं. इथं बहुतेक जण चुकतात कारण त्यांना सगळ्यात जबरदस्त ते आधी दाखवायचं असतं. 'रँट इन ई मायनर' हा अल्बम आधी लावूच नका. तो त्याच्या शेवटच्या काळातला आहे, १९९७ ला म्हणजे तो गेल्यावर तीन वर्षांनी निघाला, आणि त्यातला राग इतका कडू आहे की नवीन माणूस घाबरून उठून जातो. मिसळ पहिल्यांदा खाणाऱ्याला कुणी थेट कोल्हापूरची तर्री वाढतं का. सुरुवात मॉन्ट्रियलच्या १९९१ च्या शोनं करायची, 'रिलेंटलेस' नावानं आहे तो. तिथं तो खुशीत आहे, लोक हसताहेत, याला पण मजा येतेय. त्यातला गल्फ वॉरचा भाग वीस मिनिटं बघा आणि थांबा.

आणि थांबवल्यावर समजावत बसू नका! समजावायचं ते आधी. हे मला फार उशिरा कळलं. जोक झाल्यावर "म्हणजे काय झालं, बुश तेव्हा प्रेसिडेंट होता ना" असं सुरू केलं की संपलंच, फोडणी करपल्यावर तेल ओतण्यासारखं. म्हणून लावायच्या आधी पाच नावांची एक चिठ्ठी करा आणि दोन मिनिटांत उरका: थोरला बुश कोण, गल्फ वॉर १९९१ ला कसं टीव्हीवर लाइव्ह दाखवलं, लॉस एंजेलिसची १९९२ ची दंगल कशावरून झाली, वेको इथं १९९३ मध्ये काय जळलं, आणि बिली रे सायरस हा गायक कोण ज्याच्यावर हा एवढा खार खाऊन असायचा. बास. आपल्या भाच्यांना रॉकेलच्या रांगेवरचा जोक सांगायचा तर आधी रॉकेल काय ते सांगावंच लागतं ना, तसंच हे. माणसं आणि घटना आधी सांगायच्या, जोकला हात लावायचा नाही.

सबटायटल्सचं पण असंच. टेक्सासची बोली आहे, मान्य, आधी कळत नाही. पण सबटायटल चालू असलं की पंच तोंडातून निघायच्या आधी स्क्रीनवर येतो, लोक वाचून हसतात आणि मग तो बोलतो, आणि तोवर हसू संपलेलं असतं, म्हणजे त्याचाच पोपट. आमचा तोडगा असा की पहिली तीन मिनिटं सबटायटल चालू, कान बसला की बंद. आणि स्पीड कमी करायचा नाही, काही झालं तरी. स्लो केलेला कॉमेडियन म्हणजे पट्टी उतरवलेलं गाणं, त्याचे थांबे मोजून ठेवलेले असतात.

थांबे कसे ते बघायला वॅफलवाला किस्सा घ्या, तो शोधून काढाच. नॅशव्हिलला शो करून हा रात्री एकटाच वॅफल हाऊस नावाच्या हॉटेलात जाऊन बसलाय. खातोय आणि पुस्तक वाचतोय. वेट्रेस येते आणि विचारते, काय वाचतोयस असं नाही, कशासाठी वाचतोयस. इथं तो थांबतो. लोक हसतात, तो अजून थांबतो, हसू उतरायला लागतं आणि मग तो स्वतःशीच विचार करत असल्यासारखा बोलायला लागतो की असा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता. मग मागच्या टेबलावरचा ट्रकवाला उठतो, आणि आपल्यात एक वाचणारा सापडलाय अशा सुरात काहीतरी म्हणतो, जणू काही चोर सापडला. तुम्ही एसटीत किंवा लोकलमध्ये जाडसर पुस्तक उघडून बसला असाल तर शेजारच्याचा "परीक्षाय का?" हा प्रश्न तुम्हाला शंभर वेळा आलेला असेल. मला आलाय, बत्तिसाव्या वर्षी पण आलाय. आमच्याकडे हा किस्सा झाला की प्रत्येकाकडं आपापला परीक्षावाला निघतो आणि अर्धा तास तिथंच जातो, तो जाऊ द्यायचा.

पहिल्या वर्षी एकानं या किस्स्यासाठी खास वॅफल ऑर्डर केले होते, येईपर्यंत चामड झालेले आणि पैसे बघून सगळ्यांचे चेहरे तसेच झाले. तेव्हापासून कांदाभजी आणि चहा.

पण त्याच किस्स्यात एक गोष्ट आहे आणि तीही बोलायची. वेट्रेसला तो जे उत्तर देतो त्याचा अर्थ असा की तुझ्यासारखी वेट्रेस व्हायला लागू नये म्हणून वाचतोय. विशीत मला हे भारी वाटलं होतं. आता नाही वाटत. रात्री दोनला उभं राहून कॉफी ओतणाऱ्या बाईवर पुस्तकवाल्यानं कसली फुशारकी मारायची. त्याचे बायकांवरचे बरेच जोक पण तसेच आहेत, काही नुसतेच घाणेरडे, चिडण्याला काही कारण नाही, पंधरा वर्षांच्या मुलानं पोरांच्यात बसून बोलावं तसे. हे सांगितलं की फॅन मंडळी खवळतात. खवळू दे. लवकर गेलेल्या माणसाला लोक लगेच संत करतात, आणि हा तर संतांवरच तोंडसुख घेणारा, त्याला तरी करू नका. बत्तीसला गेल्यामुळं त्याला आपलंच जुनं ऐकून लाजायची संधीच मिळाली नाही, असं मी समजते. पन्नाशीचा बिल हिक्स या बाबतीत कसा असता त्यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो, आणि तो वाद चांगला रंगतो.

मधल्या वेळात एक खेळ. प्रत्येकानं त्याचा एक जोक आपल्या शब्दांत मराठीत सांगायचा, बसून, गप्पा मारल्यासारखा. त्याच्यासारखा आवाज काढायचा नाही, हात फिरवायचे नाहीत. आपल्याकडे पु.लं.च्या कॅसेट श्वासासकट पाठ असणारी माणसं घराघरात आहेत, माझे मामा त्यातलेच, खोकला पण तिथंच येतो. ते प्रेमच आहे, पण त्यात आठवण मामांची राहते, पु.लं.ची नाही. आपल्या शब्दांत सांगायला लागलं की मात्र लगेच कळतं जोक उभा कशावर आहे. गल्फ वॉरचा जोक मराठीत सांगताना एकजण अडकला आणि म्हणाला, अरे यात जोक कुठाय, हा नुसतं म्हणतोय की वॉर म्हणायला दोन सैन्यं लढावी लागतात. एक्झॅक्टली. सरळ एक वाक्य आहे, त्याच्या आधीची दहा मिनिटं त्यानं तुम्हाला ते ऐकायला तयार केलेलं असतं. आणि हो, हे घरातच ठेवायचं. भाषांतर केलेला जोक आपला म्हणून ओपन माइकला किंवा रीलवर टाकायचा नाही, ती आठवण नाही, चोरी आहे.

साडेनऊच्या सुमाराला 'रिव्हिलेशन्स'. लंडनचा डोमिनियन थिएटरचा १९९२ चा शो. इंग्लंडात त्याला अमेरिकेपेक्षा जास्त मान होता, तिथं तो मोठमोठी थिएटरं भरायचा आणि मायदेशी छोट्या क्लबांत दारू प्यायलेल्यांशी भांडायचा, हे आपल्याकडच्या कलाकारांना नवीन नाही. सगळा दाखवायला वेळ नसेल तर शेवट दाखवा. शेवटी तो जग म्हणजे जत्रेतल्या पाळण्यासारखी एक फेरी आहे असं बोलतो, अगदी शांतपणे, आणि मग गोळ्यांचा आवाज होतो आणि तो स्टेजवर पडतो. इथं कुणीतरी हमखास म्हणणार, बघ, त्याला चाहूल लागली होती. नव्हती लागली! शो १९९२ चा, निदान जून १९९३ चं. शहाणपण सांगणाऱ्यांना लोक गोळ्या घालतात हा त्याचा मुद्दा होता, तो त्यानं करून दाखवला, बस. मरण माहीत झाल्यावरचं ऐकायचं असेल तर ते १९९३ च्या उत्तरार्धातलं. आजाराचं बहुतेकांना सांगितलंच नव्हतं आणि स्टेजवरून बिनधास्त म्हणायचा की हा माझा शेवटचा शो, आणि लोकांना वाटायचं की वैतागून बोलतोय. खरा शेवटचा झाला ६ जानेवारी १९९४ ला, न्यूयॉर्कमध्ये कॅरोलाइन्स क्लबमध्ये. नंतर तो लिटल रॉकला आईवडलांकडे गेला, त्यांना आपल्या आवडीची गाणी ऐकवली, मित्रांना फोन करून निरोप घेतला. ७ फेब्रुवारीला त्यानं एक छोटं निवेदन लिहून ठेवलं होतं, ते त्याच्यामागं घरच्यांनी सगळ्यांपर्यंत पोचवलं, त्याच्या शेवटी प्रेम, हसू आणि सत्य यांचं येतं. सुंदर आहे, पण संध्याकाळच्या शेवटी वाचू नका, सगळे डोळे पुसत घरी जातात आणि दुसऱ्या दिवशी जोक एकही आठवत नाही. मध्येच भजी यायच्या आधी वाचून टाका.

शेवटी ठेवायचं ते लेटरमनचं. हे जरा नीट करा कारण क्रम उलटा झाला तर मजा जाते.

गोष्ट अशी. १ ऑक्टोबर १९९३. डेव्हिड लेटरमनचा रात्रीचा शो, नुकताच सीबीएस चॅनेलवर आलेला. हिक्स त्याच्याकडे आधी अकरा वेळा येऊन गेलेला, ही बारावी. आतून कॅन्सर. सेट, म्हणजे सलग सांगायचे त्याचे जोक, झाला, लोक हसले, हा हॉटेलवर गेला आणि तिथं फोन आला की तुझा सेट काढून टाकलाय. एखादा जोक नाही, आख्खा. त्या रात्री अमेरिकेनं शो बघितला आणि त्यात हा नव्हताच. यानं काय केलं, तर न्यूयॉर्कर साप्ताहिकाच्या जॉन लार या लेखकाला हातानं लिहून लांबलचक पत्र पाठवलं, त्यात सगळा सेट शब्दाशब्दानं सांगितला, आणि त्यावर पुढच्या महिन्यात मोठा लेख आला. पाच महिने पण झाले नाहीत आणि हा गेला.

मग पंधरा वर्षं काही नाही. आणि ३० जानेवारी २००९ ला लेटरमननं हिक्सच्या आईला, मेरी हिक्सना, आपल्या शोवर बोलावलं. समोर बसवून सांगितलं की तो निर्णय माझा होता, चूक माझी होती, आणि मग ती जुनी टेप पूर्ण लावली.

दाखवताना आधी गोष्ट सांगा, मग आईचा भाग, मग सेट. सेटमध्ये खरं सांगायचं तर धक्का बसेल असं फार काही नाही, गर्भपातविरोधी लोकांवर आहे, ईस्टरवर आहे, गळ्यात क्रॉस घालणाऱ्यांवर आहे, त्याच्या क्लबातल्या शोच्या मानानं तर मऊ वरणभात. पण ते बघायला आधी आईला बघून यावं लागतं. तिच्याकडं बघा कशी बसलीय ते. रडारड नाही, ओरडा नाही. सभ्यपणे, पण सोडत पण नाही त्याला.

समोरच्या काकू आता दरवर्षी येतात, फक्त एवढ्या भागाला. सव्वादहाला बेल वाजते. इंग्रजी त्यांना बरंच कळतं, पोरगा तिकडं असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा लेटरमन माफी मागत असताना सगळे भारावलेले आणि काकू म्हणाल्या, "माफी मागितली ते बरंच केलं, पण टेप इतकी वर्षं कपाटातच होती ना रे बाबा." आम्ही तीन तास घालवून जिथं पोचत नाही तिथं या बाईचं बोट लगेच जातं.

लोकांनी त्याला आपापल्या परीनं आठवलंय, रेडिओहेड बँडनं १९९५ चा 'द बेंड्स' अल्बम त्याला अर्पण केला, दहा वर्षं झाली तेव्हा २००४ ला ब्रिटिश संसदेत एका खासदारानं त्याच्या नावानं प्रस्ताव मांडला, ज्या माणसानं आयुष्यभर सरकारांना शिव्या घातल्या त्याच्या नावानं, हसायलाच येतं. पण मला त्या सगळ्यांपेक्षा टेपचं महत्त्वाचं वाटतं. कारण टेप होती म्हणून लावता आली.

म्हणून एक शेवटचं, हे हिक्सचं नाही. तुमच्या ओळखीत असा कुणी असेल, ओपन माइक करणारा, गॅदरिंगला स्टेज गाजवणारा, आणि तो लवकर गेला असेल, तर सध्या एवढंच करा. त्याचे व्हिडिओ ज्यांच्या फोनमध्ये आहेत त्यांच्याकडून मागून घ्या, पण व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ म्हणून घेऊ नका, क्वालिटी मरते, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फाइलच्या नावात तारीख आणि जागा घाला. दोन ठिकाणी ठेवा. घरच्यांना विचारल्याशिवाय कुठं टाकू नका, आणि टाकलंत तर खाली पियानो वाजवू नका, त्याचा जोक त्याच्याच आवाजात ऐकू येऊ दे. आमचा एक मित्र होता, एकोणतीसला गेला. त्याचा एक सेट आहे माझ्याकडे, सहा मिनिटं, कॅफेत अकरा माणसं, मागं मिक्सर चालू, नेमका पंचला मिक्सर.

त्याची जोकची वही त्याच्या बहिणीनं आम्हाला झेरॉक्स करून दिली. त्यात शेवटच्या पानावर फक्त एवढंच लिहिलंय: "साखरपुडा, स्टेपलर, मोठ्या काकांना विचारणे." खाली दोन रेघा मारल्यात, म्हणजे त्याला ते भारी वाटलं असणार. मोठ्या काकांना आम्ही विचारलं. त्यांना काही माहीत नाही. दरवर्षी कुणीतरी त्या तीन शब्दांवरून जोक करून बघतं, आणि अजून एकाचाही धड झालेला नाही.